श्रद्धा, गावकी आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क : बहिष्कार कायदा प्रत्यक्षात वापरायचा कसा?

तिठा (धागाकर्ता)

पालखीची वर्गणी दिली नाही म्हणून घर वाळीत. मुलीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून पंचांपुढे दंड. कीर्तनात पंचांवर टीका केली म्हणून दुकानातून तेल-मीठ बंद. रायगड-रत्नागिरीच्या बातम्यांत हे अधूनमधून येतंच, आणि भटक्या जमातींच्या जातपंचायतींबद्दल तर किती वर्षं लिहिलं जातंय.

मला तीन गोष्टींवर नेमकी माहिती हवी आहे.

१) माणूस देव मानतो, पण गावकीचा विधी किंवा वर्गणी नाकारतो. पंच म्हणतात, हा आमच्या धर्माचा अंतर्गत मामला. कायद्यात याला आधार आहे का?
२) तक्रार कुठे आणि कशी द्यायची?
३) प्रकरणं फिसकटतात ती कुठे?

विनंती एवढीच की ‘आमच्या मामाच्या गावी असं झालं’ हे या धाग्यावर नको. कामाचं तेवढं लिहा.

---

दगडी पाटी

आधी कायद्याचं नाव नीट घ्या, कारण ठाणे अंमलदारालाही ते पटकन आठवत नाही : महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६. विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर ३ जुलै २०१७ पासून लागू झाला.

शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देण्याची सोय आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवायचा. पण जामीनपात्रही आहे, त्यामुळे ‘पंच आज आत गेले’ अशी अपेक्षा ठेवू नका. ते संध्याकाळी पारावर बसलेले दिसतील.

‘जातपंचायत’ या शब्दात नोंदणी नसलेली, कुठल्याही नावाने चालणारी मंडळी येतात. गावकी, भावकी, समाज, मंडळ, काय वाटेल ते म्हणा. बहिष्कार घालणाऱ्याइतकाच त्याला मदत करणाराही दोषी.

बहिष्कार म्हणजे काय त्याची यादी लांब आहे : लग्न, अंत्यविधी, सण यांत अडथळा आणणे, संबंध तोडायला लोकांना भाग पाडणे, समाजमंदिर, शाळा, दवाखाना, स्मशान वापरू न देणे, विशिष्ट पेहराव किंवा भाषा लादणे. विधी *करू न देणं* गुन्हा आहे हे सगळ्यांना कळतं. विधी नाकारला म्हणून संबंध तोडायला लावणं हाही गुन्हा आहे, हे पंचांना कळत नाही.

---

अबोली

पहिल्या प्रश्नावर. ‘अंतर्गत मामला’ हे वाक्य अगदीच हवेतलं नाही, त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल उभा आहे.

मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला होता. कोणत्याही समाजाने सदस्याला बहिष्कृत केलं तर ते बेकायदा, आणि करणाऱ्याला १००० रुपयांपर्यंत दंड. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने तो कायदा रद्द ठरवला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा संप्रदायाला संविधानाच्या कलम २६(ब) ने दिलेल्या स्वायत्ततेचा भाग आहे, असं बहुमताचं म्हणणं. विरुद्ध मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हा यांचं होतं.

म्हणजे दोन कलमं समोरासमोर येतात. कलम २५ प्रत्येक *व्यक्तीला* सद्‌सद्विवेकबुद्धीचं आणि धर्म आचरण्याचं स्वातंत्र्य देतं. कलम २६ *संप्रदायाला* त्याचे धार्मिक व्यवहार चालवायचा हक्क देतं. १९६२ चा निकाल फेरविचारासाठी १९८६ पासून न्यायालयात फिरतोय. १० फेब्रुवारी २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला.

माझं मत : कलम २६ मधला ‘संप्रदाय’ आणि गावची पालखी समिती यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्यांना स्वतःचं तत्त्वज्ञान नाही, धर्मगुरू नाही, फक्त वर्गणीची वही आहे, त्यांनी बोहरा निकालाच्या आड लपू नये. पिठाची गिरणी बंद करणं हा कुठल्या धर्माचा आचार?

---

नांगरफाळ

अबोली, ‘फक्त वर्गणीची वही’ हे जरा उथळ वाटलं. गावकी पालखी नाचवते तशीच पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) बांधते, देवराईला कोयता लागू देत नाही, कुणी गेलं तर रात्री दोनला लाकडं फोडायला माणसं उभी करते. हे सगळं सामायिक शिस्तीवर चालतं. प्रत्येकाने ‘माझी मर्जी’ म्हटलं तर शिमग्याला पालखीला खांदा कोण देणार? कायदा करणारे मुंबईत बसतात, गाव आम्ही चालवतो.

---

अबोली

उथळ ते मागे घेते. मुद्दा मागे घेत नाही. तुम्ही सांगितलेली सगळी कामं वर्गणी देणाऱ्यांच्या राजीखुशीवर चालू राहोत की. न देणाऱ्याला पालखीचा मान नको, प्रसादाच्या पंगतीत वाढपी म्हणून उभं करू नका, इथवर कुणी कोर्टात जाणार नाही. ‘त्याच्याशी बोललात तर पाच हजार’ हे आलं की ती शिस्त राहत नाही. दंड तिऱ्हाइताला बसतो, आणि तो तिऱ्हाईतही बिचारा श्रद्धाळूच असतो.

---

दगडी पाटी

दोघांच्या मध्ये एक तांत्रिक गोष्ट. सक्तीची वर्गणी मुळातच अडचणीत येते. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला धार्मिक कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं ती दरवर्षी काढतात, गावकी बहुधा काढत नाही. पावतीपुस्तकावर परवाना क्रमांक आहे का, हे तक्रारदाराने आधी पाहावं.

संविधानाच्या कलम २७ वर मात्र उड्या मारू नका. विशिष्ट धर्मासाठी *कर* द्यायची सक्ती नको असं ते म्हणतं. तो सरकारी कराचा विषय आहे, गावच्या वर्गणीचा नाही. अर्जात २७ घातलं की समोरचा वकील पहिल्या दहा मिनिटांत सगळा अर्जच हास्यास्पद ठरवतो.

---

टाचणवही

तिठा, दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. तक्रारी पडतात त्या मजकुरामुळे. ठाण्यात येणारा अर्ज बहुतेक असा असतो :

‘गावाने आम्हाला वाळीत टाकले असून आम्हास फार त्रास होत आहे, तरी न्याय मिळावा.’

यात आरोपी कोण? गाव. गावावर गुन्हा नोंदवता येत नाही. ठाणेदार हा अर्ज ‘चौकशीवर’ ठेवतो, दोन्ही बाजूंना बोलावतो, चहा पाजतो आणि ‘समज दिली’ असा शेरा मारून फाइल बंद करतो.

हाच मजकूर असा हवा :

‘दि. अमुक रोजी रात्री साधारण ९ वाजता ग्रामदेवतेच्या सभामंडपात बैठक झाली. अमुक, अमुक व अमुक हे पंच म्हणून बसले होते. अमुक यांनी मोठ्याने सांगितले की अर्जदाराच्या घरी कोणी जाऊ-येऊ नये, गेल्यास ५००० रुपये दंड. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता अमुक यांनी गिरणीवर दळण नाकारले व ‘पंचांनी सांगितलंय’ असे म्हटले. त्या वेळी अमुक हजर होते.’

प्रत्येक प्रसंगाला पाच गोष्टी : तारीख, जागा, कोण बोलला, नेमके शब्द, कोण हजर. ‘पंचांनी सांगितलंय’ हे गिरणीवाल्याचं वाक्य तर सोन्यासारखं आहे. नुसतं दळण नाकारणं म्हणजे भांडण. ते वाक्य आलं की बैठक आणि गिरणी यांचा दुवा जुळतो.

एक वही करा. पक्की बांधलेली, सुट्या कागदांची नको. रोजच्या रोज लिहा, पानं फाडू नका, मागाहून शाई बदलून भर घालू नका. कोर्टात उलटतपासणीत वकील वही हातात घेऊन आधी शिवण बघतो.

आता ठाण्यातला क्रम, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे (१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी) :

कलम १७३ खाली खबर द्यायची. ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करायची, नाहीतर ती नोंदली जात नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

इथे एक खाच आहे. ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात. बहिष्काराचा गुन्हा या पट्ट्यात बसवला जातो. त्यामुळे पहिल्या दिवशी ‘नोंद नाही’ म्हणून घाबरू नका, पण १४ दिवसांची तारीख वहीत लिहून ठेवा. पंधराव्या दिवशी लेखी विचारणा.

नकार दिला तर १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने. पोचपावती जपा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) खाली अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. अधीक्षकांची पायरी गाळून थेट दंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) चा अर्ज केला की तो परत येतो. ही चूक सर्रास होते.

बहिष्कार कायद्यात पीडित किंवा घरातली कुणीही व्यक्ती पोलिसांकडे न जाता थेट दंडाधिकाऱ्यांकडे फिर्यादही देऊ शकते. तो वेगळा रस्ता आहे, त्यात साक्षीपुरावा तुम्हालाच आणावा लागतो. दोन्ही रस्ते एकाच अर्जात कोंबू नका.

मुदत : ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल ३ वर्षांच्या आत घ्यावी लागते. बहिष्कार चालूच असेल तर तो चालू असल्याचं अलीकडचं उदाहरण अर्जात आलंच पाहिजे. १० वर्षांपूर्वीच्या बैठकीवर सगळा अर्ज उभा करू नका.

---

दगडी पाटी

टाचणवहींच्या प्रतिसादाला जोड. पंचांनी दंड *वसूल* केला असेल तर खंडणीचं कलम (भारतीय न्याय संहिता ३०८(२), ७ वर्षांपर्यंत) आणि धमकी असेल तर ३५१ हेही मागा. बैठक होणार अशी आधी कुणकुण लागली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना ती रोखता येते. तो अर्ज बैठकीच्या आदल्या रात्री देऊन उपयोग नाही, आवक क्रमांक पडायलाच दुपार होते.

---

रातराणी

व्हॉट्सअॅपचं सांगते. हल्ली दवंडी ग्रुपवरच पिटतात. ‘सदर कुटुंबाशी व्यवहार करू नये’ असा मेसेज आला की लोक स्क्रीनशॉट काढतात आणि नंतर ग्रुप सोडतात. दोन्ही अर्धवट.

ग्रुप सोडू नका. फोन बदलू नका, विकू तर नकाच. पूर्ण चॅट निर्यात करा. ग्रुपची माहिती, सदस्यांची नावं आणि नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट वेगळे काढा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र लागतं त्याचे दोन भाग असतात : एक ज्याच्या ताब्यात फोन आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) द्यावं लागतं. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ ब च्या नमुन्यावर भरून दिलेलं प्रमाणपत्र अजून फिरतंय, ते चालवू नका.

प्रिंट काढून त्यावर नुसता ‘सत्यप्रत’चा शिक्का मारला म्हणजे पुरावा झाला, हा गोड गैरसमज आहे.

---

तिठा (धागाकर्ता)

छान माहिती येतेय. एक अडतं : साक्षीदारच मिळत नाहीत. देवळात नारळावर हात ठेवून शपथ घातलेली असते, ‘बाहेर बोलणार नाही’. भाविक माणूस ती मोडायला तयार होत नाही. कायदा काहीही म्हणो.

---

टाचणवही

कायद्याच्या बाजूने सोपं आहे. न्यायालयात जायला बंदी करणारा करार भारतीय करार अधिनियम कलम २८ प्रमाणे निरर्थक. मग तो स्टॅम्पपेपरवर असो की नारळावर. आणि शपथ घालून गप्प केलं हा स्वतःच बहिष्काराचा पुरावा आहे, तक्रारीत लिहा.

साक्षीदाराला ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची नसेल तर शपथ अधिनियम, १९६९ मध्ये गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेची सोय आहे. ‘देवाची एक शपथ मोडून दुसरी कशी घेऊ’ म्हणणाऱ्याला हे सांगितलं की जीव हलका होतो.

---

नांगरफाळ

इथे मी टाचणवहींशी थोडा वेगळा जातो, आणि आश्चर्य वाटेल, तिठा यांच्या बाजूने.

कोकणात कौल लावतात तो देवाला विचारण्यासाठी. गुरव पाकळी लावतो, ती उजवी पडते का डावी ते बघतात. त्यातला भाव असा की माणूस स्वतःचं म्हणणं देवापुढे मांडतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. पंचांनी आधीच ठरवलेलं देवाच्या नावावर खपवायचं, ही कौलाची रीत नव्हे. जुनी माणसं याला देवाचा अपमान म्हणतील. साक्षीदाराशी बोलायचं तर कलम २८ घेऊन जाऊ नका. त्याला विचारा : ती शपथ देवाने मागितली होती, की अध्यक्षाने?

पंढरपूरचं उदाहरण आहेच. साने गुरुजी पुरते भाविक. १ मे १९४७ ला त्यांनी विठ्ठलाच्या दारात उपोषण मांडलं, १० मे ला सुटलं आणि मंदिर हरिजनांना खुलं झालं. देव मानणाऱ्यानेच देवळाचं दार धरून बसायचं असतं, ही परंपरा इथली आहे. गावकीला ती चालत नसेल तर दोष परंपरेचा नाही.

---

अबोली

+१. आणि दार न धरता निघून जायची परंपराही इथलीच. बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू केला, काही वर्षं चालवला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा घेतली. श्रद्धेत राहून लढायचं की श्रद्धाच बदलायची, हे त्या माणसाचं त्याने ठरवायचं. ‘तुझी खरी श्रद्धा असती तर तू गावकीत राहून लढला असतास’ असं बाहेरच्याने त्याला सुनवू नये.

---

खडीसाखर

एक फार महत्त्वाचं सुटतंय. हा २०१६ चा कायदा *एकाच समाजातल्या* बहिष्काराचा आहे. आपल्याच जातीच्या, धर्माच्या, पंथाच्या लोकांनी आपल्याला तोडलं तर.

गावातल्या सवर्णांनी दलित वस्तीचं दुकान-पाणी-मजुरी बंद केली तर तो अॅट्रॉसिटीचा गुन्हा आहे. कलम ३(१)(झेडसी), सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिथे चुकून बहिष्कार कायदा लावला की आरोपी जामीन घेऊन घरी जातात, आणि विशेष न्यायालय, नुकसानभरपाई, पीडित-साक्षीदारांचे हक्क सगळं हातचं जातं. एफआयआरवर सही करण्याआधी कुठला कायदा लावलाय ते वाचा. नुसतं ‘बहिष्कार’ हा शब्द ऐकून अंमलदार २०१६ चा लावतो असंही होतं.

मंदिरप्रवेश अडवला असेल तर तिसराच कायदा : महाराष्ट्राचा १९५६ चा, हिंदू सार्वजनिक पूजास्थळं सर्वांना खुली करणारा. शनिशिंगणापूर प्रकरणात २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याचीच आठवण करून दिली.

---

रातराणी

आणि हद्द! बांद्याच्या पुढे पेडण्यात हा कायदा नाही. तो फक्त महाराष्ट्राचा. गोव्यातली गावकारी हे तर जमिनीच्या मालकीचं वेगळंच प्रकरण, नावावरून घोटाळा नको.

उलट बाजू अशी की बैठक परळ-लालबागच्या मंडळाच्या खोलीत होते आणि दळण बंद होतं दापोलीत. चाकरमानी मंडळींच्या निर्णयाची तक्रार कुठेही द्या, शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवायचीच असते. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे ऐकून परत फिरू नका.

---

तिठा (धागाकर्ता)

एक शेवटचं. बघ्यांवर काही जबाबदारी आहे का? शेजाऱ्याचं दळण बंद झालेलं दिसतं, आपण गप्प.

---

दगडी पाटी

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये काही गुन्ह्यांची खबर द्यायची सक्ती सर्वांवर आहे. त्या यादीत बहिष्कार नाही. संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांच्या ५१ क वर खटला भरता येत नाही. म्हणजे कायद्याने शेजारी मोकळा.

मोकळा नाही तो पोलीसपाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे गावातल्या गुन्ह्यांची आणि सुव्यवस्थेची माहिती वर कळवणं हे त्याचं कामच आहे. तो बहुधा त्याच गावकीतला, कधी त्याच बैठकीत बसलेला. म्हणून अर्जाची एक प्रत त्याला लेखी द्या, सही घ्या. पुढे तो ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणू शकत नाही.

---

टाचणवही

तडजोडीबद्दल राहिलं. गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो, पीडिताची संमती असेल तर. पंच आधी घरी येतात, नारळ-साडी आणतात, स्टॅम्पपेपरवर ‘आमचा वाद नव्हता’ असं लिहून मागतात. त्यावर सही केली की पुढचा बहिष्कार सिद्ध करणं जवळपास अशक्य, कारण पहिला झालाच नव्हता असं तुम्हीच लिहून दिलंय. तडजोड करायचीच तर न्यायालयात, आणि मजकूर असा : ‘बहिष्कार घातला होता, तो अमुक तारखेपासून मागे घेत आहोत, घेतलेला दंड रुपये अमुक परत केला.’

---

भुईनळा

वाचनमात्र होतो. तातडीचा प्रश्न : वाळीत असलेल्या घरात कुणी वारलं आणि स्मशान अडवलं तर त्या तासात काय करायचं? एफआयआर, १४ दिवस वगैरे नंतर.

---

टाचणवही

११२. पहिला फोन तोच, कारण त्याची वेळेसकट नोंद राहते. फोनवर ‘वाद आहे’ म्हणू नका, ‘अंत्यविधी अडवला आहे’ म्हणा.

दुसरा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक). दहन-दफनभूमीची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत आहे, गावकीची ती मालमत्ता नाही. शेडला कुलूप असेल तर किल्ली त्याच्याकडून मागा, पंचांकडून नको. तिसरा फोन तहसीलदारांना.

लाकडं गावातून मिळणार नाहीत असं धरून चाला. साधारण ३०० किलो लागतात, तालुक्याच्या वखारीतून छोट्या टेम्पोत येतात. पावसात राळ किंवा डिझेल जवळ ठेवा. खांद्याला चार माणसं घरातली नसली तर पोलीस किंवा तालुक्याचे कार्यकर्ते देतात, लाजू नका. कुलपाचा, अडवणाऱ्यांचा आणि रिकाम्या शेडचा फोटो कुणीतरी एकाने काढायचा. बाकीच्यांनी फोन खिशात ठेवायचे आणि मयतापाशी थांबायचं.